सदर इसम येथे दाखल नाही

"माणूस न बघता त्याचा चष्मा बनवता येतो का?"

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या हा प्रश्न आला. तिने मानही वर केली नाही. बनवता येतो, म्हणाली, फक्त त्यातून दिसत नाही. भर दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, ती एका फ्रेमचा स्क्रू बसवत होती. आणि स्क्रू बसवताना कोणी बोललेलं तिला मुळीच खपत नसे.

दुकान वडिलांचं. पण डोळे तपासण्यापासून काचा घासण्यापर्यंत सगळा कारभार गेली चार वर्षं हिच्या हातात. वडील तिला 'राणीसरकार' म्हणायचे ते काही उगाच नाही. चुकणं म्हणून तिच्या खात्यात नव्हतंच. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे गेली असं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही, हे वाक्य दिवसातून एकदा तरी ती कोणाला ना कोणाला ऐकवायचीच.

आलेला माणूस हसला नाही, रागावलाही नाही. खिशातून चार घड्यांचा कागद काढून त्याने काउंटरवर ठेवला. जुना नंबर होता, दोन्ही डोळे मायनस आठ. मग त्याने सावकाश सगळं सांगितलं. इथून दोन दिवसांच्या प्रवासावर एक तुरुंग आहे. तिथे एक नर्स आहे, सगळे तिला सिस्टरच म्हणतात. मोर्चात गोळ्या लागलेल्यांवर तिने उपचार केले आणि जखमींची यादी वर्तमानपत्राला दिली. बस, एवढाच गुन्हा. नऊ महिने झाले, खटला नाही की तारीख नाही. अटकेच्या दिवशी चष्मा फुटला. भावाने दोनदा नवा पाठवला, दोन्ही वेळा तो परत आला, कारण चष्म्याला तुरुंगाच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि तुरुंगात डोळ्यांचा डॉक्टरच नाही. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आजीचा हात धरून ती भेटायला येते आणि दोन जाळ्यांच्या पलीकडे उभी राहते. आईला तिचा आवाज ऐकू येतो, तोंड दिसत नाही.

तो स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचा. दर शनिवारी काही जण जमतात, म्हणाला, आणि अशा लोकांसाठी पत्रं लिहितात. तुरुंगाच्या अधीक्षकाला लिहितात, आतल्या माणसालाही लिहितात.

"मला फक्त एवढं सांगा," तो म्हणाला, "मायनस आठ असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय काय दिसतं? म्हणजे मला नीट लिहिता येईल."

तिने स्क्रू खाली ठेवला. "बसा."

डोळे तपासायची ती जड, गोल फ्रेम असते ना, ती तिने त्याच्या नाकावर चढवली आणि तिच्यात उलट्या नंबराच्या काचा घातल्या. आता तुम्ही सिस्टर, म्हणाली. तो दाराकडे बघू लागला, मग जिथे दार असायला हवं होतं तिथे बघू लागला. ती सहा फुटांवर उभी राहिली. माझं तोंड दिसलं की सांगा, म्हणाली, आणि एकेक पाऊल पुढे सरकू लागली. चार फुटांवर... नाही. दोन फुटांवर... अजून नाही. हातभर अंतर राहिलं तरी तो मानच हलवत होता. शेवटी वीतभरही जागा उरली नाही, त्याच्या शर्टाला येणारा मशीनच्या तेलाचा वास तिला कळायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "आता दिसता. डाव्या भुवईत तीळ आहे तुमच्या."

तिने लगेच मागे व्हायला हवं होतं. ती झाली नाही. म्हणजे झाली, पण जरा वेळाने.

त्याने फ्रेम काढली आणि डोळे चोळले. दोन जाळ्यांमध्ये सहा फूट अंतर असतं, एवढंच मग म्हणाला. शनिवारी किती वाजता जमता, असं तिने विचारलं, आणि घरी गेल्यावर शनिवारी दुपारनंतर दुकान तुम्ही बघा असं वडिलांना सांगून टाकलं. वडिलांनी बरं म्हटलं. राणीसरकारांचा हुकूम, दुसरं काय म्हणणार?

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, एक लांब टेबल, अकरा माणसं. कारभार एका निवृत्त शिक्षिकेकडे. सगळे त्यांना बाई म्हणायचे आणि सगळे त्यांना टरकून असायचे. बाईंचे नियम पक्के होते. प्रत्येकाने दोन पत्रं लिहायची. एक अधीक्षकाला, त्यात तारखा, कलमं, मुद्दे, आणि एकही वाकडा शब्द नाही. शिव्या घरी द्या, इथे 'विनंती आहे' लिहा, असं बाई बजावायच्या. दुसरं पत्र आतल्या माणसाला. त्यात खटल्याचं अवाक्षर नाही, कारण ते तुरुंगात उघडून वाचतात. तिथे फक्त आपलं रोजचं जगणं लिहायचं, म्हणजे आत बसलेल्या माणसाला बाहेरची हवा लागते. आणि शेवटचा नियम, पाकीट चिकटवण्याआधी शेजारच्याने आत नजर टाकायची.

शेजारी कोण बसायचं हे सांगायला नकोच. पहिल्या शनिवारी योगायोगाने बसला, दुसऱ्या शनिवारी खुर्ची सरकवून बसला, तिसऱ्या शनिवारी ती खुर्ची त्याचीच आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलं.

वाचनालयाची लिफ्ट त्याच्याच देखरेखीखाली होती. एक मजला चढायला तिला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात माणूस दोनदा जिना चढून उतरला असता. ही एवढी हळू का चालते, असं तिने एकदा विचारलं.

"वेग वाढवता येतो," तो म्हणाला.

"मग?"

"वाढवत नाही."

ती आकड्यांच्या दिव्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, की त्या दिवशी दुकानात तिचं तोंड खरंच इतक्या जवळून दिसलं, की त्याआधीच दिसलं होतं? त्याने थोडा विचार केला. "थोडंसं आधी दिसलं होतं," त्याने कबूल केलं. "पण मला खात्री करायची होती." दार उघडलं. दोघंही गंभीर चेहऱ्याने टेबलाशी जाऊन बसले आणि बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं.

घरी आत्याचं निराळंच चाललं होतं. आठवडाभर केस विंचरायला फुरसत नसते आणि शनिवारी बरं सगळं वेळेवर आवरतं, असं ती भाजी निवडता निवडता भिंतीला सांगायची. भिंत ऐकून घ्यायची. राणीसरकार पायात चप्पल घालून निघायच्या.

पाचव्या शनिवारी तो तुरुंगाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक बगलेत मारून आला. आठवडाभर वाचून त्याने एक कलम शोधून काढलं होतं. डॉक्टर नसेल तर सरकारमान्य डोळे तपासणाऱ्याचा दाखला चालेल. तिने कलम दोनदा वाचलं. तिचं प्रमाणपत्र तर दुकानात फ्रेम करून टांगलेलं होतं.

मग ती कामाला लागली. सिस्टरच्या जुन्या नंबरावरून तिने स्वतःच्या हाताने चष्मा बनवला, पातळ काचांचा, हलक्या फ्रेमचा, आणि पार्सल करून अधीक्षकाकडे पाठवला. त्याबद्दलचं पत्र आणि दाखला मात्र वेगळ्या पाकिटातून पाठवायला शनिवारी टेबलाशी बसून लिहिला. असं पत्र त्या खोलीत त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं. कलमाचा क्रमांक, तिची सही, शिक्का, आणि खाली दोन चौकोन. एका चौकोनात एका मुलीचा चेहरा, दुसऱ्यात तोच चेहरा मायनस आठच्या डोळ्यांना सहा फुटांवरून दिसतो तसा, म्हणजे नुसता एक डाग.

मग सिस्टरला पत्र. रोजचं जगणं लिहायचं होतं ना, तिने लिहिलं. दुकान लिहिलं, आत्या लिहिली. आणि मग, कधीही न भेटलेल्या माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून असेल, तिने लिहून टाकलं: 'इथे एक लिफ्ट दुरुस्त करणारा आहे. फार बोलत नाही, पण बोलतो ते खरं बोलतो. मी त्याच्याशी लग्न करणार आहे. त्याला अजून हे माहीत नाही.'

आता असं पत्र शेजारच्याला कसं दाखवणार? शेजारी नेमका तोच! त्याने सवयीने हात पुढे केला, तेव्हा तिने दोन्ही कागद चटकन घडी केले, पाकिटांत सरकवले आणि चिकटवूनही टाकले. तपासायची गरज नाही, म्हणाली. माझ्या हातून डाव्याचं उजवीकडे जात नाही.

तीन आठवड्यांनी अधीक्षकाच्या कार्यालयाचं पत्र आलं. आता हे समजून घ्या, की सरकारी कार्यालयातून उत्तर येणं म्हणजे त्या टेबलावर सणच. चार-चार वर्षं पत्रं जायची आणि पलीकडून हूं की चूं नाही. म्हणून उत्तर आलं की बाई ते उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायच्या. तशा त्या उभ्या राहिल्या. ती खुर्चीत पुढे सरकून बसली.

"विषय, आपले दिनांक सतराचे पत्र," बाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "महोदया, उपरोक्त पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, पत्रात नमूद केलेला लिफ्ट दुरुस्त करणारा इसम या कारागृहात दाखल नाही."

बाई थांबल्या. पुढे वाचावं की नाही अशा विचारात होत्या, पण चाळीस वर्षं वर्गात शिकवणारा आवाज एकदा सुरू झाला की थांबतो थोडाच?

"सबब, आपण सदर इसमाशी विवाह करणार असल्याबाबत या कार्यालयास कोणतीही कार्यवाही करावयाची नाही. सदर इसमास ही बाब अद्याप ज्ञात नसल्याचे आपण नमूद केले आहे. त्याबाबत आपण आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पडलं मात्र पेन, सदर इसमाचं. ते उचलायला तो टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. मग टेबलाच्या टोकाला कोणीतरी फिसकन हसलं, आणि बाकी सगळ्यांनाच हसू आवरेना.

तिचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण ते क्षणभरच. पुढच्याच क्षणी तिला कळलं की हे पत्र जर अधीक्षकाकडे गेलं, तर दाखला गेला सिस्टरकडे. म्हणजे अधीक्षकाकडे आलेल्या पार्सलाला ना पत्र ना चिठ्ठी. ते गोदामात पडून असणार, आणि गेल्या रविवारी ती मुलगी पुन्हा जाळीपलीकडे उभी राहून गेली असणार. वर सिस्टरच्या हातात तक्रारीचा कागद सापडला म्हणून तिला त्रास झाला असला तर? तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती उभी राहिली. हसू हळूहळू थांबलं.

"पाकिटं माझ्या हातून उलटसुलट झाली," ती म्हणाली. "तपासायला दिली नाहीत. चूक माझी आहे."

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं. सगळ्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. बाईंनी मात्र तिच्यासमोर कोरा कागद सरकवला आणि रडायचं ते नंतर, लिही आत्ता, असं सांगितलं. तिने दाखला पुन्हा लिहिला. बाकीच्या दहा जणांनीही आपापली पत्रं बाजूला ठेवून त्या पार्सलाबद्दल अधीक्षकाला लिहिलं. या वेळी तिचं पाकीट शेजारच्याने दोनदा तपासलं, आणि पोस्टात टाकायला तोच तिच्याबरोबर निघाला. लिफ्टपाशी दोघंही थांबले नाहीत, जिन्यानेच उतरले.

मधल्या वळणावर तो थांबला. "त्या इसमाला काही बोलायचंय," म्हणाला.

"आत्ता नको."

"का?"

"तुम्ही हो म्हणालात तर मी हवेत जाईन. नाही म्हणालात तर जमिनीत जाईन. दोन्हीकडून पत्रं लिहिता येत नाहीत." तिने डोळे पुसले, पण मान ताठ ठेवली. "सिस्टरला तिची मुलगी दिसू दे. मग सांगा."

"आणि नाहीच मिळाला चष्मा, तर?"

"मिळवूच."

तो तिच्याकडे बघत राहिला. असा बघत राहिला की तिला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलला तर आपण त्याला थांबवणार नाही. पण तो दिलेल्या शब्दाचा पक्का निघाला. "ठीक आहे, थांबतो," म्हणाला, आणि पाकीट तिच्या हातून घेऊन पोस्टाच्या रस्त्याला लागला.

पुढचे चार शनिवार दोघांनाही जड गेले. तो शेजारीच बसायचा. तिच्या पेनातली शाई संपायच्या आत दुसरं पेन पुढे करायचा, खिडकीतून ऊन तिच्या कागदावर आलं की उठून पडदा ओढायचा. बोलायचा मात्र हवापाण्याचं. तिला कधी कधी स्वतःचाच राग यायचा. कुठून ही अट घालून बसले! पण मागे घ्यायची नाही हेही तितकंच पक्कं होतं. तिकडे एक बाई जाळीला डोळे लावून उभी असताना इकडे आपण लाडिक गप्पा मारायच्या, हे तिला जमणारच नव्हतं. रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी टपालाची पेटी बघायची.

पाचव्या शनिवारी ती खोलीत आली ती हातात पाकीट घेऊन. न उघडलेलं. पाकिटावर तुरुंगाचा शिक्का, आणि पत्ता घालणाऱ्याने 'चष्मेवाल्या ताईंना' असं लिहिलेलं. आतून आलेलं पत्र ज्याचं त्याने सगळ्यांना वाचून दाखवायचं अशी तिथली रीत होती. ती उभी राहिली आणि वाचू लागली.

"ताई, तुमच्या पत्रावर 'माननीय अधीक्षक महोदय' असं लिहिलं होतं. इतक्या महिन्यांत मला कोणी माननीय म्हटलं नव्हतं, म्हणून पूर्ण वाचलं. कागद नाकाला लावून, तीन दिवस लागले. दाखला माझ्याच नावाचा निघाला. इथे दर तीन महिन्यांनी न्यायाधीश तुरुंग बघायला येतात. मी रांगेतून पुढे झाले आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. तुमचे ते दोन चौकोन ते बराच वेळ बघत होते. त्यांनी गोदामातून पार्सल मागवलं आणि माझ्यासमोर उघडायला लावलं. हाच कागद अधीक्षकांकडे गेला असता तर फाइलीत गेला असता."

तिने श्वास घेतला.

"रविवारी माझी मुलगी आली. तिचे पुढचे दोन दात पडलेत. मला कोणी सांगितलंच नव्हतं. ती हसत होती आणि..."

पुढे तिला वाचवेना. अक्षरं पुसट झाली. तिने कागद शेजारी दिला. कोणी नाकं ओढत होतं, कोणी खिडकीबाहेर बघत होतं. त्याने कागद घेतला, घसा साफ केला आणि पुढे वाचू लागला.

"...आणि मी नुसती बघत होते. बोलायची वेळ संपली तरी बघतच होते. ताई, तुमचं दुसरं पत्र अधीक्षकांनी शिक्का मारून मला दिलं. हे बहुधा तुमचं, म्हणाले. राग मानू नका, मी ते बराकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. इथे आम्ही सतरा जणी आहोत. रोज मला विचारतात, त्या लिफ्टवाल्याला कळलं का? आणि तो काय..."

तो थांबला. टेबलाभोवतीच्या दहा माना त्याच्याकडे वळल्या. बाईंनी तर चष्मा काढून हातात घेतला.

त्याने कागद जपून घडी करून ठेवला आणि तिच्याकडे वळला.

"सतरा जणींना कळव," तो म्हणाला. "कळलं. आणि हो म्हणाला."

तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत होता, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"मला तू आवडतेस," तो पुढे म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला, न अडखळता. "तू 'मिळवूच' म्हणालीस ना, तेव्हाच मला सांगायचं होतं. महिनाभर गप्प राहून माझा जीव मेटाकुटीला आलाय. पुन्हा असं थांबायला सांगू नकोस."

"नाही सांगणार," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता, आणि तो लपवावा असंही तिला वाटलं नाही.

"मग तू विचारलंस त्याचं..."

"मी कुठे विचारलं होतं?" ती म्हणाली. "मी कळवलं होतं."

पुन्हा एकदा सगळी खोली हसली, आणि या वेळी तो टेबलाखाली वाकला नाही. बाईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि टेबलावर थाप मारली. लग्नाचं सावकाश बघू, म्हणाल्या. सिस्टरला मुलगी दिसली, पण ती मुलीला जवळ घेऊ शकत नाही. ती अजून आत आहे आणि खटल्याला तारीख नाही. कागद घ्या सगळ्यांनी.

सगळ्यांनी कागद घेतले. त्याने दोन घेतले आणि एक तिच्यापुढे ठेवला. टेबलाखाली तिने डाव्या हाताने त्याचा हात घट्ट धरला, आणि उजव्या हाताने, ठसठशीत अक्षरात, लिहायला सुरुवात केली: 'माननीय अधीक्षक महोदय, आम्ही पुन्हा लिहीत आहोत...'